पालघरच्या पोस्टपासून कळव्याच्या गुन्ह्यापर्यंत

समाजमाध्यमांवर राजकीय मत मांडल्याबद्दल होणाऱ्या अटकेचा इतिहास ठाणेकरांना घरचाच आहे. 18 नोव्हेंबर 2012 रोजी, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, पालघरच्या एका 21 वर्षांच्या तरुणीने शहर बंद ठेवण्यावर फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली आणि दोघींना अटक झाली. टीका देशभर झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे खटलाही बंद झाला.

अटकेच्या मुळाशी होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ. 2008 च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झालं. ‘घोर आक्षेपार्ह’ मजकुराला, किंवा खोटं आहे हे माहीत असून त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेल्या मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद. यातल्या एकाही शब्दाची व्याख्या कायद्यात नव्हती, म्हणजे ती ठरणार ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. खरा धोका मात्र शेजारच्या कलमात असायचा. 66अ जामीनपात्र होतं. त्याच्या जोडीला भारतीय दंड संहितेचं 505(2), म्हणजे समाजगटांत वैर पसरवणाऱ्या विधानांचं कलम, लावलं की गुन्हा अजामीनपात्र होई. पालघरमध्ये तेच झालं.

या अटकेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी 66अ घटनाबाह्य ठरलं. निकालातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांतला फरक. एखाद्या विचारसरणीची चर्चा करणं किंवा तिचा हिरिरीने पुरस्कार करणं हा हक्क आहे, मग ती कितीही अप्रिय असो. कायद्याचा हात पोचतो तो चिथावणीपाशी. आंदोलनाची पोस्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही रेघ पाठ करून ठेवावी.

कलम गेलं तरी त्याखालचे गुन्हे थांबले नाहीत. कायद्याच्या छापील पुस्तकांत 66अ तसंच राहिलं, रद्द झाल्याचा उल्लेख फक्त तळटीपेत. अखेर 12 ऑक्टोबर 2022 रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

तोवर दुसरी कलमं रुळली होती. मे 2022 मध्ये शरद पवार यांच्याविषयीची फेसबुक पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल एका अभिनेत्रीवर कळवा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि ठाणे पोलिसांनी तिला अटक केली. बदनामीच्या कलमांबरोबर दंड संहितेची 153अ (गटागटांत वैर वाढवणं) आणि 505 ही कलमं होती. ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत होती. 2012 मध्ये ज्या नेत्यावरून अटक झाली त्याचा पक्ष वेगळा, 2022 मध्ये वेगळा. राज्यातलं सरकारही निराळं. एखाद्याच पक्षाला दोष देणाऱ्यांनी हे दोन गुन्हे शेजारी ठेवून पाहावेत.

1 जुलै 2024 पासून 153अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 196 आणि 505 च्या जागी 353 आलं. 196 आणि 353(2) दोन्ही अजामीनपात्र, सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक सरसकट करता येत नाही. फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस देता येते आणि नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. ती नोटीस आली की पोच घ्यावी, तारीख चुकवू नये, कारण गैरहजेरीच अटकेचं निमित्त होते. पोस्ट घाईने पुसू नये. संदर्भासकट पूर्ण मजकूर हाच पुढे बचाव असतो. 28 मार्च 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या इम्रान प्रतापगढी निकालाने आणखी एक पायरी दिली: अभिव्यक्तीच्या अशा तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी त्याच संहितेच्या 173(3) खाली 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल. वकिलाने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की ती चौकशी झाली होती का.

व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल कामाचा आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दाखवावा लागतो.