माग वेळेवर थांबतो कसा?

भिवंडीत यंत्रमागाच्या कुठल्याही शेडमध्ये शिरलं की कानठळ्या बसतात. त्या खडखडाटात मोठा वाटा धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याचा. मिनिटाला २०० बाणे, म्हणजे आडवे धागे, टाकणाऱ्या मागावर धोटा सेकंदाला तीनहून अधिक वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो, आणि दर खेपेला पेटीत त्याला जागच्या जागी थोपवावं लागतं. २० नंबरच्या सुताचा मीटरभर बाणा भरतो जेमतेम ३० मिलिग्रॅम. तो वाहून नेणारा लाकडी धोटा मात्र तीन-चारशे ग्रॅमचा असतो.

दोरीच्या हिसक्याने धोटा पळवण्याची युक्ती जॉन के यांनी १७३३ मध्ये काढली. एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये यंत्रमागाचं पेटंट घेतलं. तरीही इंग्लंडमधले हातमाग पुढे कित्येक दशकं टिकले. यंत्र विणू शकत होतं, पण चुकल्यावर थांबणं त्याला जमत नव्हतं. हातमागावर एक धागा तुटला की विणकराचा हात आपसूक थबकतो. ही जाण लोखंडात उतरवणं हेच यंत्रमागाच्या इतिहासातलं सर्वांत कठीण काम होतं.

ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी १८४१-४२ च्या सुमारास ते बरंचसं साधलं. त्यांच्या लँकेशायर मागावर कापडाच्या काठाबाहेर एक छोटा काटा असतो. बाणा कापडाशी ठोकणारी फणी पुढे येते तेव्हा बाणा जागेवर असेल तर तो काट्याच्या दातांना रेटतो, मागची शेपटी वर उचलली जाते आणि माग चालू राहतो. बाणा तुटला असेल किंवा धोट्यातली सुताची कांडी संपली असेल तर दात जाळीतून आरपार जातात, शेपटी खालीच राहते, हातोडीचा आकडा तिला धरून मागे ओढतो आणि पट्टा मोकळ्या पुलीवर सरकून माग थांबतो. काटा एकाच बाजूला असल्यामुळे तो एकाआड एक बाणाच तपासतो. कांडीवर ३० ग्रॅम सूत म्हणजे सुमारे १००० मीटर, त्यामुळे मीटरभर पन्ह्याच्या कापडाला दर पाच मिनिटांनी कांडी बदलावी लागते. चालत्या मागावर धोटा आपोआप बदलण्याची सोय साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या मागाने केली.

धोटा पेटीत पोहोचलाच नाही तर धोका मोठा. तो ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकला आणि फणी आदळली, तर शेकडो धागे एका दणक्यात तुटतात. म्हणून धोट्याने पेटीतली पट्टी दाबली नाही, तर एक लोखंडी जीभ चौकटीवर आपटून माग जागीच रोखते.

ताण्याचं दुखणं वेगळं. प्रत्येक धागा वही (ताणा वर-खाली करणारी चौकट) आणि फणी यांतून हजारो वेळा घासत जातो. त्यासाठी सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ देणं, करतात. ताणा पेजेसारख्या गरम खळीतून काढायचा, रुळांत पिळायचा आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरांवर सुकवायचा. खळ कमी पडली तर धागा पिंजतो; जास्त झाली किंवा धागा फार सुकवला तर खळ ठिसूळ होऊन पूड गळते आणि धागे तटातट तुटतात.

इथे कोकणची हवा कामी येते. सुती धागा ओलसर हवेत अधिक मजबूत होतो, म्हणून साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, ७५ ते ८० टक्के आर्द्रता राखतात. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारायला घेतली, त्यामागे भांडवल, बंदर आणि कापसाचा व्यापार होता. दमट हवेचा फायदा जोडीला मिळाला. पुढे रत्नागिरीकडच्या हजारो चाकरमान्यांनी हीच खाती चालवली. पण हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून कोरडे मतलई वारे वाहतात तेव्हा इथेही धागे तुटू लागतात, आणि दुपारी खारे वारे आले की तुटणं कमी होतं. पावसाळ्यात उलट त्रास. खळ चिकट होते, ताणा गुंडाळलेल्या बीमवर बुरशी धरते, फणी गंजते.

मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपानंतर विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळलं. तिथल्या बऱ्याच साध्या मागांवर ताणा तुटल्यावर थांबवणारी पोलादी पात्यांची सोय नसते. ते काम कामगाराच्या नजरेवरच चालतं, आणि नजर चुकली की कापडात लांबच लांब चीर दिसते.

आता हवेच्या झोताने बाणा टाकणारे माग येत आहेत, त्यांना धोटाच नाही. २०० च्या वेगाने लाख बाणे टाकायला आठ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ६०० च्या वेगाने पावणेतीन तास. लाख बाण्यांमागे तुटणारे धागे तेवढेच राहिले, तर नवा माग तासाला तिप्पट वेळा थांबेल. म्हणून नव्या मागासाठी पैसे काढून ठेवणाऱ्याने आधी सायझिंग आणि शेडमधली आर्द्रता यांवर खर्च करावा.