विहीर पेटत काऊन नाई?

सोडियम धातू रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवावा लागतो. हवा लागली की तो काळवंडतो, पाणी लागलं की चवताळतो. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी तो दाखवतो. आधी मुलांना मागच्या भिंतीपर्यंत सरकवायचं. मग चिमट्यानं तुकडा काढायचा, रॉकेल टिपून घ्यायचं, सुरीनं मुगाच्या दाण्याहून लहान कपची कापायची आणि ती परातीतल्या हळदीच्या पाण्यात सोडायची. लोण्यासारखा कापला जाणारा, आतून चांदीसारखा लकाकणारा धातू मुलांनी तोवर पाहिलेला नसतो. कपचीची गोळी होते, ती चरचरत पाण्यावर पळते, कधी पिवळ्या ज्योतीनं भडकते, आणि जिथून गेली तिथलं पिवळं पाणी लाल होत जातं. (हा प्रयोग घरी करायचा नाही, हे मी तीनदा सांगतो. इथंही सांगतो.)

असाच एकदा प्रयोग संपला आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात विहिरीचं पाणी आणि वावरातली माती तपासून आणली होती. "सर, आमच्या हिरीच्या पान्यात सोडियम जास्त हाये, असं कागदात लिहून आलं. मंग हीर पेटत काऊन नाई?"

वर्ग हसला. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला होता.

स्वीडनमधल्या स्वांते अऱ्हेनियस या तरुणानं १८८४ साली उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला. पाण्यात मीठ टाकलं की त्या पाण्यातून वीज वाहते, ती का, हा त्याचा विषय. त्यातूनच पुढच्या काही वर्षांत त्यानं ठामपणे मांडलं की पाण्यात मीठ अखंड राहतच नाही. सोडियम आणि क्लोरीन वेगवेगळे होऊन, विद्युतभार घेऊन सुटे फिरतात. असे भार घेऊन फिरणारे कण म्हणजे आयन. हा शब्द मायकेल फॅरेडेनं १८३४ मध्ये रूढ केला होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा'. अऱ्हेनियसचं म्हणणं जाणत्यांना पटेना. सोडियम पाण्यात सुटा असेल तर पाणी शांत कसं? क्लोरीन तर हिरवट पिवळा विषारी वायू. तो सुटा असेल तर मिठाच्या पाण्याला त्याचा वास कसा नाही? प्रबंधाला जेमतेम श्रेणी मिळाली. पुढे १९०३ साली याच सिद्धांतासाठी अऱ्हेनियसला रसायनशास्त्राचं नोबेल देण्यात आलं.

मुलीला मी त्या दिवशी उलटा प्रश्न केला. चुलीतली राख पुन्हा पेटते का? नाही, कारण त्यात जळण्यासारखं होतं ते आधीच जळून गेलेलं असतं. विहिरीतला सोडियम असाच, आधीच जळून बसलेला आहे. आता 'जळला' म्हणजे नेमकं काय झालं, हे कळायला अणूच्या आत जावं लागतं.

अणू केवढा असतो याची आकडेमोड मुलांच्या डोळ्यांपुढे राहत नाही, म्हणून मी वावरच घेतो. एका वावराच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा. तो सोडियमच्या अणूचं केंद्रक मानला, तर अख्खा अणू साधारण आठ-नऊ एकरांचा होईल. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात. त्यात ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन. उरलेल्या सगळ्या एकरांत ११ इलेक्ट्रॉन, आणि त्या अकरांचं मिळून वजन एका प्रोटॉनच्या शंभराव्या भागाएवढंही भरत नाही. केंद्रक इतकं लहान असतं हे अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये दाखवलं, सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळून मागे फिरलेल्या मोजक्या कणांवरून. इलेक्ट्रॉन त्याआधी १८९७ मध्येच जे. जे. थॉमसन यांना सापडला होता. आठ-नऊ एकरांत एक दाणा! इतकी वर्षं शिकवतोय, तरी हे सांगताना मला दर वेळी थोडं थांबावं लागतं. हातातला खडू, बाक, समोरची मुलं, सगळं याच घडणीचं.

केंद्रकातल्या प्रोटॉनांवरून मूलद्रव्याची ओळख ठरते. ११ म्हणजे सोडियम, १७ म्हणजे क्लोरीन, २० म्हणजे कॅल्शियम. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी पदार्थच बदलला. पण चुलीवर, विहिरीत, मातीत घडतं त्यातलं काहीच त्या दाण्यापर्यंत पोचत नाही. तिथला सगळा व्यवहार धुऱ्यावर, वावराच्या बांधावर चालतो, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या कवचातल्या (केंद्रकाभोवतीच्या थरातल्या) इलेक्ट्रॉनांचा. शेतकऱ्यांच्या पोरांना हे पटकन कळतं. शेजारच्याशी संबंध येतो तो धुऱ्यावरच.

सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन तीन कवचांत बसतात: २, ८ आणि १. धुऱ्यावरचा तो एकटा सैल असतो. पाणी भेटताच सोडियम तो देऊन टाकतो. पाण्यातून हायड्रोजन सुटतो, उष्णता निघते, त्या उष्णतेनं हायड्रोजन पेटतो. मागे उरतो तो कॉस्टिक सोडा, ज्यानं हळद लाल होते. परातीतली सगळी धावपळ एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची. तो गेल्यावर केंद्रकात ११ प्रोटॉन, बाहेर मात्र १० इलेक्ट्रॉन. एक धन भार शिल्लक, आणि बाहेरचं कवचच रिकामं झाल्यानं आकारही आक्रसतो: आपलं आठ-नऊ एकरांचं वावर तीन एकरांच्याही आत येतं. हा झाला सोडियम आयन. नाव तेच, केंद्रक तेच, वागणं अगदी वेगळं. तो आता पाण्याला काही देऊ शकत नाही आणि पाणीही त्याला छेडत नाही. क्लोरीनला बाहेरच्या कवचात आठ पुरे व्हायला एकच कमी असतो. तो मिळाला की विषारी वायू भाजीत घालण्याजोगा होतो.

सोडियमला आयनातून पुन्हा धातू करायचा तर तो इलेक्ट्रॉन जबरीनं परत कोंबावा लागतो. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये लंडनमध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून ते केलं, तेव्हा जगानं सोडियम धातू पहिल्यांदा पाहिला. निसर्गात तो तसा सापडतच नाही. आपल्या विहिरीतला सोडियम कधी धातू नव्हताच. दख्खनचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला, त्या लाव्ह्यातसुद्धा तो आयन म्हणूनच होता.

आता विहिरीकडे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो सपाट, खोल काळ्या मातीचा प्रदेश आहे, तो आमचा खारपाणपट्टा. पाहुणा आला की इथं पाण्याचा ग्लास हातात देताना "गोडं हाये" असं मुद्दाम सांगतात. भूगर्भात पाणी आहे, पण ते पिववत नाही आणि पिकाला देववत नाही. कापडानं गाळून काही होत नाही, कारण गाळणीत अडकण्याएवढे आयन मोठे नसतात. धुण्याच्या कापडाची छिद्रं त्यांना मोकळ्या मैदानासारखी. उकळूनही होत नाही. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ भांड्यातच. चिमूटभर, म्हणजे पाव ग्रॅम, मिठात सोडियमचे किती आयन असतात? २६ लिहून पुढे २० शून्यं द्या.

हा सोडियम इथंच का साचला? काळ्या खडकातल्या खनिजांत सोडियमही असतो आणि कॅल्शियमही. खडक झिजला, माती झाली, दोन्ही पाण्यात उतरले. पण कोरड्या हवेत कॅल्शियमचा चुना होऊन तो मातीतच थिजतो. नांगरताना जे पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, ते तेच. सोडियमचा असा खडा होत नाही, तो पाण्यातच राहतो. जमीन सपाट, निचरा मंद, पाऊस बेताचा, म्हणून वाहूनही जात नाही.

माणसाच्या जिभेला खारट लागणं हा त्याचा लहान अपराध. मोठा अपराध मातीत. काळ्या मातीचे सगळ्यांत बारीक कण पत्र्यासारखे चपटे असतात, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान, आणि त्यांच्या अंगावर ऋण भार असतो. तो फेडायला ते धन आयनांना धरून ठेवतात. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन होतो, म्हणजे त्याच्याकडे दोन धन भार. तो चपट्या कणांना घट्ट चिकटतो, कण एकमेकांजवळ येतात, त्यांचे गुच्छ होतात, गुच्छांमधून हवा आणि पाणी फिरतं. शेतकरी अशा मातीला भुसभुशीत म्हणतो. सोडियमकडे एकच भार. भोवती पाण्याचे रेणू लपेटून तो कणापासून दूरदूर रेंगाळतो, कणांचे ऋण भार नीट झाकले जात नाहीत, आणि ओल लागली की कण एकमेकांना ढकलत सुटे होतात. सुटे कण मातीची छिद्रं बुजवतात. पाणी वर उभं राहतं, वाळलं की दगडासारखं कडक ढेकूळ होतं. ही चोपण जमीन. ओली असताना वखर बुडतो आणि वाळल्यावर लागत नाही. पेरायला हातात मोजके दिवस उरतात.

हीच गोष्ट माझ्या आजीला चुलीवर ठाऊक होती. तुरीचं वरण शिजेना की ती म्हणायची, "पानी जड हाये, बापा," आणि चिमूटभर खायचा सोडा टाकायची. जड पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी आवळून धरतो. सोड्यातला सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतो, सांधे सैल होतात, शिवाय सोड्याचा अल्कधर्मी गुण मदत करतो, आणि डाळ गळते. सोडियम कॅल्शियमला हटवतो आणि बांधलेलं सुटतं: भांड्यात हवं तेच वावरात नको. आजीला आयन हा शब्द माहीत नव्हता. पण सोडा जरा जास्त झाला तर वरणाचा पार गाळ होतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिची दुसरी सवय पावसाळ्यातली. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा आणि झाकून ठेवायचं. तुरटीत अॅल्युमिनियम असतो आणि त्याच्या आयनावर तीन धन भार. सोडियमचा एक, कॅल्शियमचे दोन, अॅल्युमिनियमचे तीन. भार वाढला की गढूळ कणांना खाली बसवायची ताकद वाढते, आणि ती दुप्पट-तिप्पट नव्हे, कितीतरी पटींनी. शुल्झे आणि हार्डी या दोन शास्त्रज्ञांनी हा नियम १८८२ आणि १९०० साली मांडला. शिवाय तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा पाण्यात चिकट गोळा बनतो, तोही गाळ ओढून खाली नेतो.

मग वावरात तुरटी टाकायची का? नाही, तिथं कॅल्शियम पुरतो, आणि तो स्वस्तात जिप्सम या कॅल्शियमच्या खनिजातून मिळतो. मातीतल्या चुनखडीतही कॅल्शियम आहे, पण तो खडा होऊन बसलेला, विरघळायला तयार नाही. जिप्सम थोडा का होईना विरघळतो, लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवर बसतो आणि सोडियमला खाली उतरवतो. किती टाकायचा हे मातीच्या तपासणीवरून ठरवायचं, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या जमिनींवर बरीच वर्षं काम करत आलं आहे.

त्या मुलीला मी एक प्रयोग दिला, हा मात्र घरी करण्यासारखा. तीन-चार वावरांतून बोराएवढी वाळलेली ढेकळं आणायची. वेगवेगळ्या काचेच्या ग्लासांत पावसाचं पाणी घ्यायचं, विहिरीचं नाही, कारण खारं पाणी स्वतःच कण खाली बसवून फसवतं. ढेकूळ अलगद सोडायचं, ढवळायचं नाही, हलवायचंही नाही. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून तळाशी पसरतं, पण वरचं पाणी नितळ राहतं. चोपण मातीच्या ढेकळाभोवती काही वेळातच दुधी धुकं उठतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ग्लासभर पसरतं.

तिनं शाळेच्या व्हरांड्यात पाच ग्लास मांडले. दोन गढूळ झाले, त्यातला एक तिच्याच वावराचा. त्या ग्लासात आम्ही चिमूटभर जिप्समची भुकटी टाकून काडीनं ढवळलं. मधल्या सुट्टीपर्यंत फरक नव्हता. शाळा सुटताना वरची दोन बोटं पाणी निवळलेलं होतं आणि तळाला मऊ, पिसासारखा गाळ बसला होता. ती बराच वेळ ग्लास उजेडात धरून उभी होती. मग म्हणाली, "पन सर, सोडियम तं ग्लासातच हाये अजून."

खरं होतं. कॅल्शियमनं त्याला कणावरून उठवलं, पण पाण्यात तो होताच. वावरातून त्याला बाहेर घालवायला वरून गोडं पाणी लागतं आणि खाली जायला वाट लागते. म्हणून तिच्या वडिलांनी त्या वर्षी मे महिन्यात जिप्सम पसरला, उताराच्या बाजूनं चर खणला आणि मृगाची वाट पाहिली.