अडीच मीटरचे गणित : ट्रेलरवरच्या होडीच्या रुंदीची पार्श्वभूमी

इंदूरकराने शिडाची होडी घेतली तर ती ट्रेलरवर टाकून खंडवा रोडने न्यावी लागते. सिमरोल, भेरूघाट, मोरटक्क्याचा पूल, मग सनावदवरून हनुवंतिया आणि तिथे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचे पाणी. म्हणून इथे होडीचा विषय निघाला की बोलणे लांबीवरून लगेच रुंदीवर येते.

रुंदीचा झगडा जुना आहे. कोकणातल्या कारागिरांनी होडी अरुंदच ठेवली आणि तोल उलांडीवर, म्हणजे बाजूला दांड्यांनी बांधलेल्या तरंगत्या लाकडावर, सोपवला. इंग्लंडमध्ये १८५५ पासून यॉट मोजण्याचे सूत्र होते : लांबीतून रुंदी वजा करा, उरलेल्याला रुंदीने आणि पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणा, मग ९४ ने भागा. रुंदी दोनदा मोजली जायची आणि आकडा मोठा आला की शर्यतीत तोटा व्हायचा, म्हणून शर्यतीच्या होड्या बारीक होत गेल्या आणि १८८० च्या दशकात फळी कडेवर उभी करावी तशा दिसू लागल्या. १८८६ मध्ये नियम बदलला. अमेरिकेत उलटी रीत होती, पसरट आणि उथळ होड्या. १८७६ मध्ये त्यांतली ‘मोहॉक’ न्यूयॉर्कजवळ नांगरावर असतानाच वाऱ्याच्या एका झोताने उलटली आणि मालकासह माणसे बुडाली.

ट्रेलर आला आणि पाण्याच्या जागी रस्ता नियम सांगू लागला. अमेरिकेत वाहनाची कमाल रुंदी ८ फूट होती, म्हणजे २.४४ मीटर. तेव्हाच्या होड्यांची मापे बघा : कॅटलिना २२ ही ७ फूट ८ इंच, होबी १६ ही ७ फूट ११ इंच. १९७७ ची जे-२४ मात्र २.७१ मीटरची, म्हणजे शर्यतीसाठी रस्त्याची मर्यादा ओलांडलेली. १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर मर्यादा ८.५ फूट झाली. आपल्याकडे मोटार वाहन नियमांत २.६ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ तेवढीच. परवानगी मिळाली की ती पूर्ण वापरायची, हा मोह तेव्हापासूनचा. १८-२० फुटी होडीसाठी तो मला चुकीचा वाटतो.

याचे मूळ ‘रुंदी’ या शब्दाच्या घोळात आहे. जाहिरातीत छापतात ती कमाल रुंदी, म्हणजे वरच्या कडेला सर्वांत रुंद जागी घेतलेले माप. रस्त्याचा नियम तेच माप बघतो, आणि कडेची रबरी पट्टी किंवा ट्रेलरचे मडगार्ड बाहेर येत असेल तर तेही धरतो. तोल मात्र पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीवर ठरतो. दोन होड्यांची कमाल रुंदी २.४ मीटर असेल आणि एकीच्या बाजू बाहेर कललेल्या असतील, तर पाण्यावर ती १.९ मीटरचीच भरेल. ही दोन मापे एकच समजून किती वाद झाले असतील! आकारामुळे मिळणारा तोल पाण्यावरच्या रुंदीच्या घनाने वाढतो. तेवढ्याच लांबीच्या होडीत २ मीटरचे २.५ मीटर केले की तो जवळपास दुप्पट होतो. हा आकडा ऐकला की माणूस रुंद होडीच्याच प्रेमात पडतो.

पण हा तोल सुरुवातीचा. होडी थोडी कलली की ती घट्ट उभी राहते, हे खरे. पार उलटली तर तीच रुंदी तिला उलटीच घट्ट धरून ठेवते आणि होडीतल्या दोघांना ती सरळ करणे जड जाते. शिवाय रुंद तळाला पाणी जास्त घासते, आणि हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यात ते लगेच जाणवते. अरुंद होडीत दोघांनी कडेवर बसून तोल सांभाळावा लागतो, तो शिकता येतो.

माझ्या बाजूने पुरावा म्हणून मी वेफेअरर ही शिडाची होडी पुढे ठेवतो. १९५७ ची, ४.८२ मीटर लांब आणि फक्त १.८५ मीटर रुंद, छत नसलेली. १९६३ मध्ये अशाच एका होडीने दोन माणसांनी स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. तो समुद्र तिने पेलला, तर नर्मदेच्या धरणातल्या लाटांना ती कमी पडणार नाही.

ट्रेलरचेही बघायचे असते. एकपदरी रस्ता ३.७५ मीटरचा. २.६ मीटरचा ट्रेलर त्यावर मधोमध चालवला तरी दोन्ही बाजूंना दोन फूटही उरत नाहीत, आणि घाटाच्या वळणावर ट्रेलरचे चाक गाडीच्या चाकापेक्षा आत येते. समोरून ट्रक आला की कच्च्या कडेला उतरावेच लागते.

रामबागेतल्या आमच्या फाटकाची दोन्ही दारे उघडून मी टेप धरली. एका बाजूला बिजागरी पुढे आलेली आहे, ती सोडून मोकळी जागा २ मीटर २० सेंटिमीटर भरली. मडगार्डसकट २ मीटरच्या आत बसणारा ट्रेलर आत जातो. त्याहून रुंद होडी रात्रभर गल्लीत ठेवावी लागेल, आणि तिथे सकाळी दुधाची गाडी येते.