गॅस संपलेला नाही, सेन्सर फसवतोय

२०२५च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांत बांधून टाकण्याचा विचार बोलून दाखवला आणि लगेच दोन तट पडले. कुणाला २० म्हणजे शिक्षा वाटली, कुणाला १६ म्हणजे उधळपट्टी. वाद सगळा रिमोटवरच्या आकड्याचा. पण तो आकडा ही फक्त आपली मागणी असते. खोलीत खरोखर किती अंश आहेत हे एसीला कोण सांगतं, आणि सांगणाराच चुकला तर काय, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सांगणारा असतो थर्मिस्टर नावाचा काही मिलिमीटरचा मणी, म्हणजेच एसीचा सेन्सर. साध्या स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटमध्ये असे दोन असतात. एक जाळीमागे क्लिपमध्ये अडकवलेला, तो खोलीतून आत येणारी हवा मोजतो. दुसरा तांब्याच्या टोपीत बसवून हवा गार करणाऱ्या कॉइलच्या नळीला खोचलेला, तो कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून राखण करतो. इन्व्हर्टर एसीत बाहेरच्या युनिटमध्येही आणखी काही असतात. खोक्यावर ‘एआय’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी त्या एआयला कळणारी उष्णता याच मण्यांतून येते. मणी खोटं बोलला की सगळी हुशारी पाण्यात.

आता या मण्याची गंमत. तांब्याची तार एक अंशाने तापली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. या मण्याचा मात्र चार टक्क्यांहून जास्त कमी होतो. म्हणजे दिशा उलटी आणि परिणाम दहापट. रोध असा उलटा वागतो हे मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहून ठेवलं होतं. आपला मणी मँगनीज आणि निकेलसारख्या धातूंच्या ऑक्साइडची पूड हजार अंशांच्या वर भाजून केलेला असतो. त्यात काही मँगनीज अणूंनी तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, काहींनी चार. तीनवाल्याचा एक इलेक्ट्रॉन शेजारच्या चारवाल्याकडे उडी मारतो, की दोघांच्या भूमिका बदलतात. वीज वाहते ती अशा उड्यांवर. पण इलेक्ट्रॉन जिथे बसतो तिथले आजूबाजूचे आयन (विद्युतभारित अणू) किंचित सरकतात आणि त्याच्याभोवती खळगा तयार होतो. उसाच्या रानात सरीत बसलेल्या बेडकाला वरंबा ओलांडल्याशिवाय पलीकडच्या सरीत जाता येत नाही, तसं. ओलांडायचं बळ उष्णता देते. आणि तेवढं बळ असलेल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण तापमानासोबत सरळ रेषेत वाढत नाही, घातांकी वाढतं. म्हणून बऱ्याच एसींत वापरला जाणारा १० किलोओहमचा (ओहम हे रोधाचं माप) मणी २५ अंशांना १० दाखवतो, ३० ला ८ च्या आसपास, ५० ला साडेतीन आणि शून्याला ३२-३३ किलोओहम. सर्किट बोर्डावर त्याच्याशी एक ठराविक रोध जोडून ५ व्होल्ट दिलेले असतात. मधल्या टोकावरचा व्होल्टेज वाचून चिप आपल्या कोष्टकातून तापमान काढते.

वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे बोर्डाच्या लेखी अंटार्क्टिका. शॉर्ट झाली तर भट्टी. दोन्ही अशक्य, म्हणून बोर्ड एरर कोड दाखवतो आणि मेकॅनिकचं काम सोपं होतं. खरा त्रास अर्धवट बिघाडाचा. विश्रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंचा एसी भर एप्रिलात दोन मिनिटं चालून कॉम्प्रेसर बंद करायचा. आलेल्या मेकॅनिकने झाकणही न उघडता सांगितलं, “काकू, गॅस संपलाय.” मी पाहिलं तर सेन्सरच्या प्लगमधल्या पिनांवर हिरवट गंज धरला होता आणि मीटरवर तिथे सुमारे २ किलोओहमचा जादा रोध दिसत होता. ३० अंशांचे ८ आणि गंजाचे २, झाले १०. बोर्डाला वाटलं खोली २५ वर आली. एसी सेट होता २५ वरच, मग तो कशाला चालेल? एरर कोड नाहीच, कारण २५ हा अगदी सज्जन आकडा.

उलटही होतं. मण्यावरच्या लेपाला तडा जाऊन ओल शिरली तर रोध घटतो, एसीला खोली तापलेली वाटते आणि तो रात्रभर थांबत नाही. कॉइलच्या मण्याचं असं झालं तर बर्फ धरून आतल्या युनिटमधून पाणी ठिबकतं. मग घरात लिंबू-मिरची टांगायची चर्चा सुरू होते. लिंबू सरबताला वापरा.

घरी काय करता येईल? एसी बंद पडल्यावर सेटिंग पाच-सहा अंश खाली आणा. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होऊन झकास गार हवा आली, तर गॅस जागेवर आहे, संशय सेन्सरवर घ्या. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर आधी क्लिप बघायला सांगा. मणी सुटून कॉइलला टेकला की तोही गारठ्याची खोटी बातमी देतो. मल्टिमीटर असेल तर एमसीबी पाडून सेन्सरचा प्लग काढा, मण्याचं टोक बर्फ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा आणि रोध मोजा. १० किलोओहमच्या मण्याने ३२-३३ च्या आसपास दाखवायला हवं. पण मणी बोटांनी धरू नका, अंगाच्या उबेनेही आकडा हलतो. काही कंपन्या ५, १५ किंवा २० किलोओहमचे मणी वापरतात, तेव्हा मॉडेलचं कोष्टक पाहूनच निकाल द्या. बाहेरच्या युनिटला मात्र हात लावू नका. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा भार टिकून असतो.

दोन्ही मणी ठीक, कॉम्प्रेसर सलग चालतोय आणि हवा तरी कोमटच, असं असेल तर गॅसचा संशय रास्त. पण गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती जागा साबणाच्या फेसाने दाखवायला सांगा आणि मगच पैशाचं बोला.