पहिल्या दहा सामन्यांचा साका

नोव्हेंबरात पहाटे साडेपाचला आमच्या घरात दोन आवाज असतात. एक देवगडच्या समुद्राची गाज, दुसरा भाच्याच्या मोबाइलवरची बास्केटबॉलची कॉमेंट्री. अमेरिकेत तेव्हा आदली संध्याकाळ असते आणि एनबीएचा (तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) मोसम नुकता कुठे तापायला लागलेला असतो. यंदा भाच्याला एका सात फुटी सेंटरने, म्हणजे रिंगखाली उभं राहून बचाव करणाऱ्या उंच गड्याने, झपाटलंय. "मामानू, तेच्यासमोर रिंगखाली बॉल टाकूक कोण धजणा नाय! दहा मॅची झाले. अठ्ठेचाळीस टक्के!"

खेळाडूचं नाव मी देत नाही, आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत. रिंगजवळून मारलेले शॉट साधारण 60 टक्के आत जातात असं धरू. 2013-14 पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानावर छताजवळ कॅमेरे बसले आणि शॉट मारताना कोण बचावपटू किती जवळ होता, याचीही नोंद होऊ लागली. आमच्या सेंटरसमोर दहा सामन्यांत 60 शॉट झाले, त्यांतले 29 आत गेले. म्हणजे 48 टक्के; आकडा जितका कमी, तितका बचाव चांगला. भाच्याचं म्हणणं, हे वर्षभर असंच चालणार.

यावर मी त्याला हापूसची गोष्ट काढली. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्याशिवाय आत पांढरट स्पंजासारखा भाग आहे की नाही ते कळत नाही. एखाद्या बागेतले दहा आंबे कापले, एकातही साका निघाला नाही, म्हणून त्या बागेत साकाच नाही असं आमचा आंबेवाला कधी म्हणणार नाही. तो कापलेली दहा फळं बघतो आणि मागच्या दहा मोसमांचा अनुभव त्यात मिसळतो. किती मिसळायचा, एवढाच खरा प्रश्न. माझ्या मते संख्याशास्त्रात याहून सुंदर प्रश्न नाही, म्हणून जरा रेंगाळतो.

60 शॉटमध्ये नशिबाचा खेळ किती? शॉट आत जाण्याचे 0.6 गुणिले चुकण्याचे 0.4 म्हणजे 0.24. त्याला 60 ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे 0.063. म्हणजे अगदी सरासरी कुवतीचा माणूसही दहा सामन्यांत सहा टक्के इकडे किंवा तिकडे सहज दिसतो. आता एनबीएत तीस संघ, प्रत्येकी दोन उंच गडी धरले तर साठ जण. सगळे तंतोतंत सारखे असते, तरी यादीत पहिल्या नंबरावर कुणीतरी 45 टक्क्यांच्या आसपास दिसलाच असता. आपण नेमकं त्याचंच नाव घेतो, कारण तो पहिला आहे. गोंधळ इथेच होतो.

अर्थात सगळे सारखे नसतात. खरी कुवत माणसामाणसांत साधारण चार टक्क्यांनी खाली-वर होते असं समजू. 0.04 चा वर्ग 0.0016. आता 0.24 ला 0.0016 ने भागा: 150. या दीडशेचा अर्थ असा, की खेळाडूच्या 60 शॉटमध्ये आणखी 150 अगदी सरासरी शॉट घालायचे आणि मग टक्के काढायचे. सरासरी 150 म्हणजे त्यातले 90 आत. 29 अधिक 90 म्हणजे 119, भागिले 210. झाले 56.7 टक्के. माझ्या मते अकराव्या सामन्यापासून त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी ती एवढी. सरासरीपेक्षा चांगलाच आहे तो, पण 48 नव्हे. मोसम 82 सामन्यांचा. शेवटी 492 शॉट जमले की त्या दीडशेचं वजन आपोआप कमी होतं आणि त्याचे स्वतःचे आकडे जास्त बोलू लागतात.

(इथवर येईपर्यंत भाचा चहा आणायला उठला होता. वाचकांपैकीही काही उठले असतील.)

48 वरून 56.7 वर येण्याच्या या घसरणीला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 मध्ये 205 आईबापांच्या जोड्या आणि त्यांची 928 मोठी झालेली मुलं यांच्या उंचीवरून ते दाखवलं. फार उंच आईबापांची मुलंही उंच होती, पण तेवढी नाही. यात कुठली शक्ती खेळाडूला मागे ओढत नसते. आधीचं नशीब फेडायला पुढे कमनशीब येतं असंही नाही. आधीचे 29 कुणी काढून घेत नाही. पुढचे 432 शॉट 56.7 च्या दराने गेले, तर मोसमाअखेर बेरीज 55.7 वर थांबेल. आपल्याकडे मात्र जानेवारीत तो घसरला, की कुणीतरी म्हणणारच, दृष्ट लागली. कोणी कौल लावील, कोणी गाऱ्हाणं घालील, आणि त्यानंतर एखादा सामना चांगला गेला की गुण आला म्हणतील. वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा त्याहून बरा असतो; नारळ न फोडताही. टीव्हीवरचे तज्ज्ञ तरी काय वेगळं करतात? दहाव्या सामन्याला "नवं युग", तिसाव्याला "भूक संपली".

पण हिशेब आंधळा ठेवला तर तोही फसतो. 1970 च्या बेसबॉल मोसमात रॉबर्टो क्लेमेंटेने पहिल्या 45 प्रयत्नांत 18 हिट (यशस्वी फटके) मारल्या, म्हणजे 0.400. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी अशा 18 खेळाडूंचे सुरुवातीचे आकडे याच पद्धतीने सरासरीकडे ओढून बघितले. अठरा जणांची मिळून चूक (फरकांचे वर्ग धरून) एक तृतीयांशाहूनही कमी उरली. क्लेमेंटेच्या वाट्याला मात्र अंदाज आला सुमारे 0.29, आणि उरलेल्या मोसमात तो खेळला 0.346 ने. दोन्ही आकडे जवळपास सारखेच चुकले, फक्त उलट्या बाजूंनी. कारण हिशेबाला फक्त 45 प्रयत्न माहीत होते. हा माणूस त्याआधी चारदा फलंदाजीत लीगमध्ये पहिला आलेला आहे, हे माहीत नव्हतं. आंबेवाल्याला बाग माहीत असते ती अशी.

आणखी एक. सगळे आकडे सारखे फसवे नसतात. ब्लॉकमध्ये, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवण्यात, उंची, हात आणि उडी यांचा वाटा मोठा, म्हणून ते बरेच टिकतात. एनबीएतल्या मार्क ईटनने 1984-85 मध्ये सामन्यामागे 5.56 ब्लॉक केले. तो विक्रम अजून उभा आहे. आधीच्या वर्षी 4.3, पुढच्या वर्षी 4.6. शिखर टिकलं नाही, डोंगर टिकला. उलट समोरच्या संघाचे तीन गुणांचे शॉट किती टक्के आत गेले, यात बचावपटूचा हात फार थोडा. ते किती वेळा मारू दिले, हे त्याच्या हातात. चेंडू रिंगवर आपटून आत पडतो की बाहेर, हे नाही. सेंटर मैदानात असताना प्रतिस्पर्ध्यांचे दुरून मारलेले शॉट चुकत असतील, तर त्याचं श्रेय त्याला देताना हात आखडताच घ्यावा. आणि शरीर कुठल्याच सूत्रात बसत नाही: एनबीएतलाच उंच गडी व्हिक्टर वेम्बन्यामा 2024-25 मध्ये सामन्यामागे 3.8 ब्लॉक करत होता, आणि 46 सामन्यांनंतर खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीने त्याचा मोसम संपला.

चहा घेऊन आल्यावर भाच्याने नेमकं विचारलं, "ह्ये दीडशे खयसून हाडलास?" मी म्हटलं, चार टक्क्यांवरून. "आणि चार?" चार मी धरले होते. खरे तर सगळ्या सेंटरांची अनेक वर्षांची आकडेवारी घेऊन ते काढावे लागतात, आणि उत्तर पाच आलं तर दीडशेचे शहाण्णव होतात. त्याने लगेच मोबाइलवर नवा भागाकार केला. 55.5. माझ्यापेक्षा एक टक्का त्याच्या बाजूला.

पैज लागली आहे. अकराव्या सामन्यापासूनचे शॉट मोजायचे. त्याचा आकडा 50, माझा 56.7, ज्याचा जवळ तो जिंकला. हरणाऱ्याने मार्केटातून बांगडे आणायचे आणि साफही करायचे. पहिले 60 शॉट धरायचे का, यावर अर्धा तास वाद झाला. मी धरू दिले नाहीत.