४०५ आणि ४०५ : मार्क सारखे, एसजीपीए वेगळा

एकाच वर्गातल्या दोन विद्यार्थिनी. एका सत्रात सहा पेपर, प्रत्येक शंभराचा. दोघींच्या मार्कांची बेरीज ४०५. मार्कशीटवर मात्र एकीचा एसजीपीए, म्हणजे त्या सत्राच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, ८.६० आणि दुसरीचा ८.१०. यात परीक्षा विभागाची कुठलीही चूक नाही. पदवीचा वर्ग आता मार्कांच्या बेरजेवर ठरत नाही, ग्रेड पॉइंटवर ठरतो. मार्कांपासून ग्रेड पॉइंटपर्यंतची ही वाट नीट समजली नाही तर अर्ज भरताना, रीव्हॅल्युएशनला (पेपर पुन्हा तपासून घ्यायला) पैसे भरताना आणि अभ्यासाचं नियोजन करतानाही नुकसान होतं.

आधी पेपरचे मार्क घ्यायचे आणि ते कोणत्या पट्ट्यात पडतात ते पाहायचं. मुंबई विद्यापीठाने पदवीला वापरलेली एक मोजपट्टी अशी : ८० आणि त्यावर 'ओ' ग्रेड, १० पॉइंट, ७० पासून ८० च्या आत ९, ६० पासून ७० च्या आत ८, ५५ पासून ७, ५० पासून ६, ४५ पासून ५, ४० पासून ४, आणि ४० च्या खाली 'एफ', म्हणजे शून्य. पट्टे विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमागणिक बदलतात, काही ठिकाणी 'ओ' साठी ९० लागतात. आपल्याला कोणते लागू आहेत ते आपल्या बॅचच्या नियमावलीतच पाहावं, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नये.

दुसरी पायरी क्रेडिटची, म्हणजे पेपरच्या वजनाची. आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल असं सत्रभर चाललं की एक क्रेडिट, हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं माप. पेपरच्या ग्रेड पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्या पेपरांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. आला एसजीपीए.

आता त्या दोघींकडे वळू. पहिले चार पेपर ४ क्रेडिटचे, शेवटचे दोन २ क्रेडिटचे, एकूण २० क्रेडिट. पहिलीचे मार्क ७०, ६०, ८०, ५५, ६०, ८०. पॉइंट झाले ९, ८, १०, ७, ८, १०. गुणाकारांची बेरीज ३६ + ३२ + ४० + २८ + १६ + २० = १७२, भागिले २०, म्हणजे ८.६०. दुसरीचे मार्क ६९, ६९, ७९, ६९, ५९, ६०. पॉइंट ८, ८, ९, ८, ७, ८. बेरीज १६२, एसजीपीए ८.१०. दुसरीचे पाच पेपर पुढच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर, एकेका मार्काने अडले. गंमत नाही, खरोखर चटका लावणारी गोष्ट पुढे आहे : क्रेडिटचा भार धरून थेट मार्कांची सरासरी काढली तर पहिलीची ६७.० येते आणि दुसरीची ६९.१. जास्त मार्कांचा एसजीपीए कमी! मार्कांचं पॉइंटमध्ये रूपांतर होताना पट्ट्याच्या आतला सगळा फरक पुसला जातो. ६० आणि ६९ सारखे, ८० आणि ९८ सुद्धा सारखेच.

याच मोजपट्टीत अजून एक गोष्ट दडलेली आहे. ४० ते ६० च्या मधले पट्टे पाच-पाच मार्कांचे आहेत, ६० ते ८० च्या मधले दहा-दहाचे. म्हणून क्रेडिट सारखं असेल तर ४५ वरून ५५ वर गेलेला पेपर दोन पॉइंट देतो, ६५ वरून ७५ वर गेलेला फक्त एक. हातात वेळ थोडा असेल तेव्हा आवडत्या विषयात आणखी दहा मार्क मिळवण्यापेक्षा कच्चा विषय वर काढणं जास्त पदरात टाकतं. आणि ३९ चे ४० झाले की एकदम चार पॉइंट.

नापास पेपरचे पॉइंट शून्य धरतात, पण त्याचे क्रेडिट छेदातून काढत नाहीत, इथे घरी हिशेब करणारे बरेच जण फसतात. पहिलीच्या ५५ च्या जागी 'एफ' असता तर बेरीज १४४ आणि भागफल ७.२०. एटीकेटीत, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन पुन्हा दिलेल्या परीक्षेत, तोच पेपर ४० मार्कांनी सुटला तर १६०, म्हणजे ८.००. अनेक विद्यापीठं तर सगळे पेपर सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून ग्रेड पॉइंटची सरासरी, काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सगळ्या सत्रांच्या एसजीपीएची साधी सरासरी. सत्रांचे क्रेडिट सारखे असतील तरच ती चालते. समजा पाच सत्रं २० क्रेडिटची, प्रत्येकाचा एसजीपीए ६.६०, आणि सहावं प्रोजेक्टमुळे २४ क्रेडिटचं, एसजीपीए ७.४२. साधी सरासरी ६.७४. खरा हिशेब : पाच सत्रांचे ६६० पॉइंट, सहाव्याचे १७८, एकूण ८३८ भागिले १२४, म्हणजे ६.७६. ज्या अभ्यासक्रमांत ६.७५ पासून प्रथम वर्ग धरतात, तिथे या दोन शतांशांवर पदवीचा वर्ग उभा आहे. म्हणून छापलेले एसजीपीए गुणत बसू नये, ते आधीच दोन दशांश स्थळांवर आणलेले असतात. मार्कशीटवरचे क्रेडिट गुणिले पॉइंटचे आकडे थेट बेरजेला घ्यावेत. काही अभ्यासक्रमांत वर्ग फक्त शेवटच्या सत्रांवरून ठरतो, तेही आधी विचारून घ्यावं.

मग येतो अर्जातला टक्केवारीचा रकाना. विद्यापीठाने तसं सांगितलं नसताना सीजीपीए गुणिले १० करणं चूकच, कारण वरच्या मोजपट्टीत सगळ्या पेपरांत ६५ मिळवणाऱ्याचा सीजीपीए ८ येतो आणि टक्के होतात ८०. ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीला पूर्वी सीजीपीए मिळायचा तेव्हाचा, त्याचा पदवीशी संबंध नाही. एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचं, सूत्र आहे सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणायचं : ६.७५ ला ६० टक्के, ७.७५ ला ७०. पण ६५ वाल्या त्याच विद्यार्थ्याला हे सूत्र ७२.५ टक्के देतं. सूत्र पट्ट्यांशी जुळलेलं नसेल तर उत्तर चुकणारच, म्हणून आपल्या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमाला दिलेलं सूत्रच वापरावं आणि नोकरीच्या किंवा परदेशातल्या प्रवेशाच्या अर्जासोबत रूपांतराचं अधिकृत पत्र जोडावं. ब्रिटनमध्ये ७० ला फर्स्ट आणि ६० पासून अप्पर सेकंड हा वर्ग मिळतो. आपले फुगवलेले ८० टक्के तिथे पाठवले की कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण येते.

राहता राहिलं रीव्हॅल्युएशन. फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : मार्क पट्ट्याच्या कडेला आहेत का, आणि पेपर किती क्रेडिटचा. ६३ चे ६७ झाले तर ग्रेड हलत नाही, पैसे वाया. ४ क्रेडिटच्या पेपरला ६९ चे ७० झाले तर एक ग्रेड पॉइंट गुणिले ४, म्हणजे बेरजेत चार पॉइंट वाढतात. १२४ क्रेडिटच्या पदवीत ८३४ चे ८३८ होतात, सीजीपीए ६.७३ वरून ६.७६ वर जातो आणि प्रथम वर्ग हाती येतो.