पार्श्वभूमी : खाशाबांचं ‘पहिलं’ पदक नेमकं कशात पहिलं?

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवलं आणि महाराष्ट्राची वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची 72 वर्षांची प्रतीक्षा संपल्याच्या बातम्या झळकल्या. ही 72 वर्षं मोजली जातात 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून, म्हणजे खाशाबा जाधवांच्या कांस्यापासून. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा मराठी वाचकाला नवे नाहीत. गोंधळ आहे तो त्यांच्या नावापुढे लागणाऱ्या ‘पहिले’ या शब्दाचा.

‘भारताचे पहिले ऑलिंपिक पदकविजेते’ हे सरळ चूक. हॉकी संघानं 1928 पासून सुवर्णं आणली होती आणि हेलसिंकीतही आणलं. म्हणून ‘वैयक्तिक’ हा शब्द जोडला गेला. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड 200 मीटर धावणे आणि 200 मीटर अडथळा शर्यत अशी दोन रौप्यपदकं घेऊन गेले होते. प्रिचर्ड जन्मले कलकत्त्यात, पण आईवडील ब्रिटिश. ती पदकं कुणाची यावर आजही एकमत नाही. ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदीत ती भारताच्या नावावर आहेत, तर अ‍ॅथलेटिक्सच्या इतिहासाचे ब्रिटिश अभ्यासक ती आपली मानतात. त्यामुळे खाशाबांच्या वाक्यात आणखी एक विशेषण आलं : ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते’. हे बिनचूक आहे आणि माझ्या मते पुरेसंही आहे. प्रिचर्ड यांना खोडून खाशाबांना मोठं करायची काहीच गरज नाही. पुढचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, म्हणजे 44 वर्षं गेली. खाशाबांची उंची मोजायला तेवढं पुरतं.

‘महाराष्ट्राचं 72 वर्षांनंतरचं पहिलं’ म्हणतानाही जपून बोलावं लागतं. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली जलतरणात पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं. 72 वर्षांच्या हिशोबात ते धरलं जात नाही, कारण हिशोब फक्त ऑलिंपिकचा आहे. बातमी लिहिताना एवढं एक वाक्य टाकायला कुणाचंच काही जात नाही.

आता मूळ घटनेकडे. कोल्हापूरला कुस्तीचं वेड लावलं ते राजर्षी शाहूंच्या काळानं, 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानानं. ती सगळी कुस्ती लाल मातीतली : अनवाणी पाय आणि चीतपट झाल्याशिवाय निकाल नाही. 1948 साली राजाराम कॉलेजात शिकणारे खाशाबा कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या पायाखाली मॅट आली. तिथे वेळ ठरलेली आणि गुण मोजलेले. नव्या नियमांत, फ्लायवेट या सर्वांत हलक्या वजनगटात ते सहावे आले. मला ही कामगिरी कांस्याइतकीच मोलाची वाटते.

पुढच्या वेळी वजनगट वाढवून ते 57 किलोत उतरले. निवडीवरून वाद झाला, दाद मागावी लागली. पैशांचं तर विचारूच नका. राज्य सरकारकडून 4,000 रुपये मिळाले आणि बाकीच्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 उभे केले.

खाशाबा ‘उपांत्य फेरीत हरले’ असं सर्रास लिहिलं जातं. त्या काळी कुस्तीत उपांत्य फेरी नव्हती. कुस्तीगणिक दंडगुण पडत, पाच झाले की मल्ल बाद. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवत खाशाबा शेवटच्या तिघांत पोचले. उरलेले दोघे होते जपानचा आणि सोव्हिएत संघाचा मल्ल. खाशाबा दोघांकडूनही हरले. जपानी मल्लाशी झालेली झुंज लांबली होती. त्यानंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला त्यांना बोलावलं गेलं, मधली अर्ध्या तासाची विश्रांती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण आपल्या मल्लासाठी नियम बोलून दाखवणारा माणूस मॅटच्या कडेला असायला हवा होता, याबद्दल माझं मत ठाम आहे.

1955 साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मानसन्मान आले ते त्यानंतर. अर्जुन पुरस्कार 2000 सालचा, मरणोत्तर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव मिळालं. 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिन 2024 पासून राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पद्म सन्मानाची मागणी कोर्टापर्यंत गेली. गोळेश्वरच्या कुस्ती संकुलाचं काम इतकं रखडलं, की 2017 साली कुटुंबानं कांस्यपदक लिलावात काढण्याची तयारी दाखवली.

हेलसिंकीहून परतल्यावर कराड भागात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. ती आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, जिंकले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं.